ही कवटी कुणाची?

धाराशिवच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ओरांगउटान नराच्या कवटीची प्रतिकृती आली. मी तिथं शिकवतो. खोकं उघडलं ते प्रयोगशाळेच्या परिचरांनी. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं. गाव उपळा, घरी थोडं सोयाबीन.

मामा : सर, कुणाची हाय ही?

मी : ओरांगउटानची. बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातला कपी. पण खरी नाही, रेझिनची आहे. गालाच्या हाडावर बोट फिरवा, साच्याची शिवण लागेल.

मामा : लागली. दात मोजले, बत्तीस. आपल्याएवढेच. पन साचा कशावरनं काढला? कुणाच्या तरी डोक्यावरनंच की.

मी : एका कवटीवरून शेकडो प्रती निघतात. तेवढे जीव वाचतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये विच्छेदनाला आवर घातला, २०१४ मध्ये ते बंद करायला सांगितलं. बरंच झालं ना?

मामा : बेडकांचं बरं झालं. पन बेडूक कापायचा तवा पोरं गप असायची. आता हिच्या डोळ्यात पेन खुपसून सेल्फी काढायलीत.

मी : म्हणजे पोरांनी गप बसावं म्हणून जीव घ्यायचा? शिवाय खरं हाड असलं की आदर येतो, हेही मला पटत नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती घ्या. तो अस्सल जनावराचा दात. इटलीत पॉम्पेईला तशीच एक सापडली म्हणून लोक कौतुकानं बघतात. हत्तीची चौकशी करणारा कुणी भेटला का?

मामा : न्हाई. म्हंजे दोन्हीकडं जनावर गायबच. मग तुमी जिंकला कसं?

मी : अहो, शास्त्रात नमुना एकट्याचा नसतो, जातीचा असतो. तुमच्याच गावचं बघा. २०२२ मध्ये बातमी गाजली, उपळ्याच्या ग्रामपंचायतीच्या दफ्तरी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे. कुठल्या माकडाच्या? सगळ्यांच्याच ना?

मामा : नाव न्हाई, पन वाटा हाय. पूर्वी लग्नात आधी त्यांचा मान, मग अक्षता. आता समदे पाळत न्हाईत, ते सोडा. ह्याचा वाटा कुठं हाय?

(माकड वेगळं, कपी वेगळा, कपीला शेपूट नसते, असं सांगून मला इथं निसटता आलं असतं.)

मी : तो तिकडच्या सरकारांचा प्रश्न. जंगल तोडून तेलताडाचे मळे करतात, त्यात यांचा निवारा जातो.

मामा : पामतेलच ना? कँटीनच्या डब्यावर वाचलंय की. म्हंजे कवटी खोटी अन् तेल खरं.

मी : मामा, हे तुमचं सोयाबीन बोलतंय. पामतेल स्वस्तात आलं की तुमचा भाव पडतो.

मामा : पडतोच. पर मला टोचतंय म्हनून ते खोटं ठरतंय का?

नाही ठरत. पामतेलाची आयात जगात सर्वाधिक आपलाच देश करतो. मी दुसरीकडून गेलो. तेलताड हेक्टरी सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. तो सोडून जग सोयाबीन पेरायला लागलं तर जमीन आणखी लागेल, ब्राझीलमध्ये त्यासाठी जंगल तुटलंच आहे.

मामा : म्हंजे तेल कमी खायचं, एवढं सोडून तुमी समदं म्हननार.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी बिन्नीची गोष्ट काढली. ही ओरांगउटान मादी पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात होती. २००३ मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला नेलं, २०१९ मध्ये ती तिथंच गेली. देशातली एकमेव ओरांगउटान म्हणून तिची ओळख होती.

मामा : एकटीच? मग मघाशी जात जात म्हनत हुता, ती जात एकटीच पिंजऱ्यात बसून काय करायली हुती?

खरेदी चुकली असं मला अजूनही वाटत नाही. विच्छेदनाच्या टेबलाकडे परत जायचं नाही, यावर मी ठाम आहे. पण साचा कोणत्या संग्रहालयातल्या कवटीवरून घेतला आणि ती कवटी मुळात आली कुठून, हे विक्रेत्याला पत्र लिहून विचारलं आहे. ज्या महाविद्यालयांनी अशा कवट्या मागवल्या असतील त्यांनीही बिल मंजूर करण्याआधी एवढं विचारून घ्यावं.