अंधाऱ्या खोऱ्यांतील सोबत



ख्रिस्ती मनुष्यास भय वाटणें हें अविश्वासाचें लक्षण आहे काय, असा प्रश्न खेडोपाडींच्या मंडळ्यांत आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. पाऊस ओढ धरतो, लेंकरूं तापानें फणफणतें, कर्जाचा तगादा येतो. रात्रीं डोळ्यास डोळा लागत नाहीं. मग मनुष्य स्वतःसच दोष देतो कीं, माझा विश्वास खरा असता तर मी असा भ्यालों नसतों.

याच्या उत्तरासाठीं दूर जावयास नको. पारनेर तालुक्यांतील ढवळपुरीचे धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोंकणाकडे उतरतात व पावसाळ्याच्या तोंडीं परततात. वाटेंत ते शेतांत मेंढरें बसवितात व भोंवतीं वाघूर लावितात. वाघूर म्हणजे केवळ जाळी. ती कांहीं तटबंदी नव्हे. आणि आपल्या जिल्ह्यांत राहुरी-संगमनेरकडे उंसाच्या फडांत बिबट्या असतो, हें कोणास ठाऊक नाहीं? मेंढरूं जातीचेंच भित्रें. कुत्रें भुंकलें कीं सारा कळप दचकून उठतो. पण धनगराची ओळखीची हांक कानीं पडतांच पुन्हां खालीं बसतो. बिबट्या नाहींसा झाला म्हणून नव्हे, तर आपला धनी जागा आहे म्हणून.

तेविसावें स्तोत्र दाविदाच्या नांवाचें आहे, आणि दावीद स्वतः मेंढपाळ होता. त्या स्तोत्रांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हिरव्या कुरणांचें व संथ पाण्याचें वर्णन करितांना तो देवाविषयीं बोलतो. अंधाऱ्या खोऱ्यांत पाऊल पडतांच तो देवाशीं बोलूं लागतो. ‘तो’ जाऊन तेथें ‘तूं’ येतो. खोरें टळत नाहीं. परंतु मेंढरूं मेंढपाळाच्या अधिक जवळ सरकतें. म्हणून भय वाटणें हें पाप नव्हे. तें भय आपण कोणापाशीं नेतों, हा खरा प्रश्न आहे.

लेंकरूं आजारी पडलें असतां एक बाप अंधारांत लपत देवऋषीकडे गंडा-दोरा आणावयास जातो. दुसरा प्रार्थना करून दवाखान्याची वाट धरतो. दोघांचेंही काळीज सारखेंच धडधडतें. दुसऱ्यानें आपलें भय मात्र मेंढपाळापाशीं नेलें. आणि वैद्याचें औषध हीही त्याच मेंढपाळाच्या हातची काठी आहे.

येथें कोणी म्हणेल, ‘बिबट्या कधीं कधीं कोंकरूं नेतोच कीं!’ खरें आहे. प्रार्थना करूनही कित्येक घरांत पाळणा रिकामा झाला आहे. अशा आईपुढें सोपें उत्तर देण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. आम्ही इतकेंच सांगतों कीं, योहानाच्या दहाव्या अध्यायांतील मोलकरी लांडगा पाहून पळतो, पण उत्तम मेंढपाळ आपला प्राण देतो. गेथशेमानेंत त्याचाही जीव व्याकूळ झाला होता. ज्या खोऱ्यांतून आपणांस जावें लागतें, त्यांतून तो आधींच गेला आहे. आणि त्याच्या हातांतून मरणही आपणांस हिसकावून घेऊं शकत नाहीं.

यास्तव उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, भ्यालेल्यास ‘तुझा विश्वास कमी’ असें म्हणून दटावूं नका. दटावल्यानें कळप बसत नाहीं, विखुरतो. त्याच्या ओसरीवर जाऊन बसा, त्याच्याबरोबर प्रार्थना करा, म्हणजे तुमच्या मुखानें त्यास त्या ओळखीच्या वाणीची आठवण होईल.

तो थोर मेंढपाळ आपणां सर्वांस रात्रीच्या प्रत्येक प्रहरीं संभाळो.