पथ्य कोणाचें?

दिवाळी सरून थंडी पडूं लागली, म्हणजे जुनाट दुखणें असलेल्या माणसाच्या घरीं एक वाक्य वरचेवर ऐकूं येतें: “पथ्य पाळीत नाहीं, म्हणून हें होतें.” दमेकऱ्याची धाप वाढो, संधिवातानें सांधे आखडोत कीं मधुमेह्याची साखर चढो, या एका वाक्यानें सर्वांचा निवाडा होतो. रोग हा मग नुसता रोग राहत नाहीं, तो रोग्याचा अपराध ठरतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं साध्य व असाध्य रोगांच्या दरम्यान ‘याप्य’ नांवाचा एक वर्ग मानिला आहे. याप्य रोग समूळ जात नाहीं; परंतु उपचार व पथ्य यांच्या आधारें माणूस त्याच्यासह दिवस काढूं शकतो. कोसळूं पाहणाऱ्या घराला नीट लाविलेला टेकू जसा सांवरून धरितो, तसा उपचार अशा रोग्यास धरितो, असा दृष्टांत सुश्रुतानें दिला आहे. अर्वाचीन वैद्यकानें हा वर्ग पुष्कळच वाढविला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हातीं येण्यापूर्वीं, लहान मुलांस जडणारा मधुमेह म्हणजे अल्पकाळांत येणारा मृत्यूच होता. आज तो याप्य झाला आहे.

हिंवाळा हा या टेकूच्या परीक्षेचा काळ होय. गारठ्यानें त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर भार पडतो. थंड, कोरड्या हवेनें दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. म्हणून फिरणें सोडूं नये, पण तें उन्हें वर आल्यावर करावें; अंगांत लोकर असावी; बरें वाटतें म्हणून औषध आपल्याच मनानें बंद करूं नये. हें सर्व रोग्यानें स्वतः करावयाचें आहे, व तें टाळणाऱ्याचा कैवार आम्ही घेत नाहीं.

परंतु टेकू स्वतःचा स्वतः उभा राहत नाहीं. तो कोणीतरी लावावा लागतो. पुष्कळ वर्षांच्या मधुमेह्याच्या तळपायांची संवेदना मंदावते. असा मनुष्य शेकोटीशीं पाय शेकीत बसला, तर कातडी भाजली तरी त्याला कळत नाहीं. येथें त्याचा निग्रह काय कामाचा? शेजारीं बसलेल्याची नजरच त्याचें पथ्य होय. ज्या घरांत डिंकाचे लाडू सर्वांसाठीं वळले जातात आणि आजारी गृहिणी सर्वांचीं पानें उठल्यावर अवेळीं जेवते, तेथें तिला वेळेवर जेवण्याचा उपदेश करणारा स्वतःचें पान आधीं मांडून बसलेला असतो.

घराबाहेर पाहिलें तर हा प्रश्न अधिकच बोचक होतो. चरकानें हेमंतांत उबदार घरांत राहावें, जाड पांघरुणें घ्यावीं, बलवानानें स्निग्ध अन्न सेवावें, असें सांगितलें आहे. उपदेश उत्तम आहे. पण ऊसतोडणीचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. पाचटाच्या खोपींत निजून पहाटेच्या गारठ्यांत कोयता हातीं घेणाऱ्या दमेकरी बाईला हें पथ्य कोणत्या तोंडानें सांगावें? जें करणें शक्यच नाहीं, तें न केल्याचा दोष नीतिशास्त्र कोणावर ठेवीत नाहीं.

तात्पर्य, पथ्य हें व्रत रोग्याचें असलें, तरी त्याची सामग्री घरानें व समाजानें पुरवावयाची असते. “पथ्य पाळीत नाहीं” असें म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्यानें तें पाळतां येईल अशी सोय आधीं करून दिली आहे. इतरांनीं निवाडा करण्यापूर्वीं कांबळें द्यावें, हें बरें.