करिंथकरांचे जुने वैर

करिंथ नगर आपण पौलाच्या पत्रांवरून ओळखतो. त्याचे जुने वैर अथेनैशी होते. इ. स. पूर्वी ४३१ पासून २७ वर्षे अथेनै व स्पार्टा लढले. करिंथ स्पार्टाच्या पक्षास होते. अथेनैकरांनी ४१६ साली मेलोस बेटातील पुरुष ठार केले, बायकामुले दास केली. ४०४ साली तेच उपासमारीने शरण आले. तेव्हा करिंथ व थीब्ज म्हणाले, हे नगर समूळ नष्ट करा. स्पार्टाने (तो काही दयेविषयी प्रसिद्ध नव्हता) नकार दिला. इराणच्या स्वारीत अथेनैकरांनीच ग्रीस देशाची मोठी सेवा केली होती. शत्रूचा जुना उपकार कोणी बोलून दाखविला, म्हणून नगर वाचले, असे आम्हांस वाटते. दहा वर्षे लोटण्यापूर्वीच करिंथ अथेनैशी सख्य करून स्पार्टावर उठले. पुढे सुमारे साडेचारशे वर्षांनी पौलाला त्याच करिंथात, ख्रिस्ताच्या मंडळीतही तट पडलेले ऐकावे लागले.