पांढरं म्हणजे नक्की कोणतं?

आपल्यापैकी पुष्कळांच्या बेसमेंटमध्ये एखादी जुनी लग्नाची कॅसेट पडून असेल. ताईच्या लग्नाची, १९९६ सालची, मी गेल्या वर्षी नाशिकहून इकडे न्यू जर्सीला आणली. भारतातली पाल पद्धतीची कॅसेट चालवणारा व्हीसीआर इथे मिळवण्यातच महिना गेला.

हॅलोजनच्या उजेडात सगळी वऱ्हाडी मंडळी शेंदरी दिसत होती. दोन वीकेंड बसून संगणकावर रंग सुधारले. मुलाच्या लॅपटॉपवर लावून पाहिलं, तर तीच मंडळी हिरवट! आता माझा मॉनिटर खरा की त्याचा?

डोळ्यांना विचारून उपयोग नव्हता. पिवळ्या दिव्याखाली थोडा वेळ बसलं की कागद पांढराच वाटतो. शेवटी पडद्यावर टेकवून रंग मोजणारं छोटं यंत्र, कलरिमीटर, घेतलं. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, खोलीत उजेड मंद ठेवायचा, मग ते एकेक रंगाचा चौकोन मोजतं. व्हिडिओसाठी पांढऱ्याचं माप ठरलेलं आहे: डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विन; प्रकाश १०० निटच्या आसपास. गंमत अशी, की नीट जुळवलेला पडदा पहिल्या दिवशी पिवळट, मळका वाटतो. विकत आणलेले पडदे पुष्कळदा निळसर असतात आणि आपण त्यालाच पांढरं समजत आलेलो असतो. दोन दिवसांत डोळे नवं पांढरं मुकाट्याने मान्य करतात. मला याचीच जरा भीती वाटली.

पुन्हा पहिल्यापासून बसलो. मामांची टोपी आणि बाबांचा सदरा, दोन्ही पांढरेशुभ्र झाले. व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखावर माणसाच्या त्वचेचा रंग, गोरा असो वा सावळा, साधारण एकाच रेषेच्या आसपास पडतो. मामांचा चेहरा रेषेवर आला. शेजारी, त्याच दिव्याखाली उभ्या असलेल्या बाबांचा आला नाही. पिवळ्याकडे सरकलेला.

बाबा लग्नानंतर तीन महिन्यांनी यकृताच्या आजाराने गेले. 'लग्नात अगदी ठणठणीत होते हो!' असं आम्ही आजवर सगळ्यांना सांगत आलो. खोटं बोलत नव्हतो. रोज समोर होते, म्हणूनच कुणाला दिसलं नसेल.

तेवढाच चेहरा निवडून रेषेवर आणणं पाच मिनिटांचं काम आहे. दादा म्हणतो, "आईला उगाच त्रास कशाला? करून टाक नीट." पण नीट म्हणजे काय? शेंदरी रंग दिव्याचा होता. तो काढताना हात अडखळला नाही. हा पिवळा बाबांचा आहे. तो पुसला तर कॅसेट सुधारेल, की इतकी वर्षं आपल्याला दिसलं कसं नाही या प्रश्नातून आमची सुटका होईल? आणि तरी, आईने त्या दिवशी पाहिलेले बाबा पिवळे नव्हतेच. तिने तरी कुठले बाबा खरे मानायचे? यंत्राने माझा पडदा जुळवून दिला, पण ऐंशीच्या घरातल्या बाईला काय दाखवावं, हे मी त्याला कसं विचारणार?

दोन्ही फाइली तयार आहेत. दर रविवारी फोनवर आई विचारते, "झाली का रे कॅसेट?"

"रंग बसवतोय अजून," मी सांगतो.