तीच मोटार

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं पसरलेल्या केळीच्या मुलखांत, सावदा, फैजपूर, रावेर अशा गांवीं, एखाद्या जुन्या घराच्या अंगणांत तीस-पस्तीस वर्षांची मोटार ताडपत्रीखालीं जपून ठेवलेली अजूनहि आढळते. धन्यास विचारलें असतां तो अभिमानानें सांगतो कीं, ही वडिलांनीं घेतलेली तीच गाडी. आणि पुढच्याच चार वाक्यांत तो सांगतो कीं, पिस्टन बदलले, क्लच-प्लेट दोनदां बदलली, ब्रेकचे शू, रबरी बुश आणि सायलेन्सर नवे घातले, रंग तर तीनदां दिला. या दोन विधानांत विरोध आहे हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं, आणि ऐकणाराहि तो दाखवून देत नाहीं. जें इतकें बदललें तें तेंच कसें? हा प्रश्न केवळ तर्काचा समजून आपण तो पंडितांवर सोपवितों. आमच्या मतें तो नीतीचाहि आहे, आणि त्याची ती बाजू अधिक महत्त्वाची आहे.

प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजा मिलिंदास विचारतो कीं, आपण रथांतून आलां, तर आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, कीं जूं म्हणजे रथ? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो कीं, या सर्व अंगांच्या मेळास व्यवहारासाठीं दिलेलें नांव म्हणजे रथ. नैयायिकांस हें मान्य नाहीं. अवयवांहून अवयवी निराळा आणि खरा, असा त्यांचा पक्ष. परंतु त्यांचाहि निर्णय आमच्या मोटारवाल्यास सुखाचा नाहीं. कारण एक तंतु काढला कीं जुना पट नष्ट होऊन दुसराच पट उत्पन्न होतो असें ते मानतात. ग्रीकांकडे हाच वाद जहाजावरून झाला. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज कुजलेल्या फळ्या बदलीत बदलीत जतन केलें, असें प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक गांठ मारली: काढून टाकलेल्या फळ्या कोणी जमविल्या व त्याच क्रमानें जोडून दुसरें जहाज उभारलें, तर खरें जहाज कोणतें?

हॉब्जची ही कल्पना मोटारीच्या व्यवहारांत नित्य घडते, मात्र उलट्या दिशेनें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ‘पद्मिनी’ मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यास जोडलेला गिअर, ही तिची ओळख. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. नवा भाग मिळेना म्हणजे तो मोडीत निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीतून काढावा लागतो. म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या एका जुन्या गाडीच्या पोटांत तिच्या कित्येक बहिणींचे अवशेष असूं शकतात. तरीहि तिचा धनी तिला वडिलांचीच गाडी म्हणतो, आणि आम्हांस तो खोटा वाटत नाहीं.

कायद्यानें या प्रश्नाचा निकाल आपल्या परीनें लावला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें टिकते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. इंजिन बदललें तर नोंदपुस्तकांत तशी नोंद होते आणि गाडी तीच राहते. ओळख मुख्यतः सांगाड्यावर कोरलेल्या आंकड्यावर चालते. गंमत अशी कीं, जीपसारख्या गाडीस स्वतंत्र सांगाडा असतो. पद्मिनीस तो नाहीं, तिचें पत्र्याचें शरीर हाच तिचा सांगाडा. म्हणजे गंज ज्यास आधीं खातो तोच भाग कायद्याच्या दृष्टीनें तिचा आत्मा ठरतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या बाबतींत तर कायद्यानें केवळ पंचांगच पाहिलें. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा पुरी होतांच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी राहिली नाहीं. तिच्यांत नवे भाग किती, हें कोणी विचारलें नाहीं. कोणास हें निष्ठुर वाटेल. परंतु लाखों लोकांचा श्वास ज्या रस्त्यावर चालतो तेथें प्रत्येक धन्याच्या प्रेमाची स्वतंत्र चौकशी करणें राज्यास शक्य नाहीं, हेंहि मानलें पाहिजे.

पंडित आणि कायदा या दोघांपेक्षां आम्हांस सावद्याच्या शेतकऱ्याचा व्यवहार अधिक शहाणपणाचा वाटतो. केळीचा घड उतरला कीं झाडाचें काम संपतें. तें तोडतात, आणि बुंध्याशीं फुटलेलें एक जोमदार पील राखून त्यापासून पुढचें पीक घेतात. या बागेस शेतकरी नवी बाग म्हणत नाहीं आणि जुनीहि म्हणत नाहीं. तो तिला पिलबाग म्हणतो. या एका शब्दांत जुन्याशीं असलेलें नातेंहि आहे आणि नवेपणाची कबुलीहि आहे. शिवाय पिलबाग अखंड चालत नाहीं, जोम उतरला कीं कंद खणून जमीन मोकळी करावी लागते, हेंहि त्याला ठाऊक असतें. नातें, कबुली आणि मर्यादा या तीन गोष्टी जेथें आहेत तेथें नूतनीकरण निर्दोष आहे, असें आम्ही म्हणतों. मोटारीस हीच कसोटी लावून पाहूं.

प्रथम नातें. जुनी वस्तु दुरुस्त करून वापरणें ही आपल्या घरांतील जुनी शिकवण आहे. बैलगाडीचा आरा मोडला तर सुतार नवा बसवी, धाव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हां चढवी. गाडी टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नसे. ही वृत्ति कृपणता नव्हे. ज्या श्रमांतून वस्तु आली त्या श्रमांचा तो आदर आहे. परंतु प्रेम खरें कीं दिखाऊ हें, आधीं कोणता भाग बदलला यावरून कळतें. ब्रेक झिजलेले असतांना जो आधीं रंग देतो, त्याचें प्रेम गाडीवर नसून स्वतःच्या मिरवणुकीवर आहे. ब्रेक आणि टायर यांवर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. रंगावर फक्त आपली ऐट. म्हणून खर्चाचा क्रम हा नीतीचाहि क्रम आहे.

दुसरी कबुली. धनी घरीं म्हणतो, ही तीच गाडी. आणि विकावयाच्या वेळीं म्हणतो, अगदीं नवी आहे. दोन्ही विधानें सोयीप्रमाणें वापरणें हा अप्रामाणिकपणा होय. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर चकचकीत रंग देणें आणि धांवेचा आंकडा मागें फिरविणें, हें नूतनीकरण नव्हे, असत्य आहे. एखादी दुरुस्ती प्रामाणिक आहे कीं नाहीं हें ओळखण्याची सोपी खूण ही कीं, ती आपण होऊन घेणाऱ्यास सांगावीशी वाटते. जी लपवावीशी वाटते तिच्यांत कांहीं तरी खोटें आहे.

तिसरी मर्यादा. सिलिंडर झिजून लंबगोल झाला असतां त्यांत नुसत्या नव्या रिंगा घालून भागत नाहीं. तो कातून पुन्हां गोल करावा लागतो आणि मोठे पिस्टन घालावे लागतात. परंतु प्रत्येक कातणीनें भिंत पातळ होते, आणि एक दिवस असा येतो कीं कातण्यास धातूच उरत नाहीं. नव्या अंगाचा उपयोग जुन्या अंगांत त्यास झेलण्याचें बळ असेपर्यंतच. त्यापुढें हट्ट धरणें म्हणजे आपल्या आठवणीचा धूर दुसऱ्यांच्या छातींत भरणें होय.

आतां कोणी विचारील कीं, मग ती गाडी तीच कीं निराळी? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आजोबांच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग बसलें, आजीचा गुडघा धातूचा झाला, तरी त्यांना कोणी परके मानीत नाहीं. कारण आपलीं वचनें, आपलीं देणीं आणि आपलीं माणसें तीं स्वतः ओळखतात. मोटारीस स्मरण नाहीं. तिच्या वतीनें स्मरण ठेवणारा तिचा धनी. म्हणून ‘ही तीच गाडी’ हें वस्तूचें वर्णन नसून धन्यानें दिलेलें वचन आहे, असें आम्ही समजतों. तें उच्चारणारानें वडिलांच्या गाडीचा अभिमान जसा घ्यावा, तसे तिचे दोष, तिचे अपघात आणि तिनें कोणाचें केलेलें नुकसान हेंहि आपलें म्हणून पत्करावें. एवढें जो पत्करतो त्याच्या गाडींत मूळचा एक खिळा राहिला नसला तरी ती तीच आहे. आणि जो पत्करीत नाहीं, त्याच्या गाडीचा एकहि भाग बदललेला नसला तरी ती वडिलांची गाडी म्हणण्याचा अधिकार त्यास नाहीं.