पाण्याची जागा

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात महिमापूर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील सात मजली पायविहीर पाहण्यास आम्ही धर्मग्रामातील काही मंडळींना घेऊन गेलो होतो. घडीव दगडांच्या पायऱ्यांनी खाली उतरत गेले की वरचा उन्हाळा मागे राहतो आणि आवाजाला घुमारा येतो. तळाचे हिरवट पाणी आता कुणी पीत नाही.

आमच्यातील चित्रकला शिकणारा एक मुलगा म्हणाला, "फादर, इथे प्रदर्शन भरवलं तर?" आम्हांस कल्पना मनापासून आवडली. परंतु सोबतच्या एक वयोवृद्ध बाई, ज्या वहाणा वर काढून मगच पायऱ्या उतरल्या होत्या, त्या चटकन म्हणाल्या, "जिथं घागर बुडवाची, तिथं चित्रं टांगता काय?"

मुलाची कल्पना विक्षिप्त नव्हती. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात १८५३ साली पटकीने हजारो माणसे मेली. त्यानंतर स्वच्छ पाण्यासाठी १८५६ ते १८५९ या काळात फ्रेडरिक्सबर्ग येथे मोठा जलाशय बांधण्यात आला. पुढे त्यावर छत आले. १ कोटी ६० लाख लिटर पाणी मावेल एवढा तो विस्तीर्ण. १९८१ साली तो उपसून रिकामा केला आणि १९९६ पासून त्या अंधाऱ्या, दमट खांबांमध्ये कलेचे दालन आहे. बागेच्या हिरवळीवरून जमिनीच्या पोटात उतरायचे, की आत कलाकृती.

मग महिमापुरास तेच का करू नये? डेन्मार्कच्या लोकांची तहान अन्यत्र भागली होती, म्हणून ते पात्र मोकळे झाले. दर्यापूरचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारट. त्या बाईंचे माहेर याच पट्ट्यातले. गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी त्या मैल मैल चालल्या आहेत. आज धरणांचे पाणी नळाने खेड्यांत येते खरे, पण उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येईल हे कुणी सांगावे? येथे पात्र निकामी झाले आहे. गरज संपलेली नाही.

वेदीवर वापरलेला जुना चषक झिजला म्हणून आपण तो दिवाणखान्यात शोभेला मांडत नाही. बाईंच्या मनात काहीसे तसेच असावे. तथापि त्यांच्याशी आमचे पूर्ण एकमत होत नाही. त्या विहिरीच्या कोनाड्यांत आम्ही गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाहिल्या. हात न लावता राखलेला आदर बहुधा असाच कचऱ्याखाली जातो. चित्रे पाहण्यास का होईना, माणसे खाली उतरली तर निदान लाज वाटून झाडतील तरी! (प्रदर्शनासाठी परवानगी काढावी लागेल, ते निराळे.)

कोपनहेगनच्या त्या दालनातील एक प्रसंग आम्ही मुलाला सांगितला. २०१७ साली हिरोशी सांबुइची या जपानी वास्तुरचनाकाराने तेथे चित्र वा पुतळा मांडला नाही. त्याने रिकाम्या जलाशयात पुन्हा पाणी आणले आणि लोकांना लाकडी पुलांवरून त्यातून चालवले. पाण्याच्या जागी पाणीच दाखवावेसे त्याला वाटले. कलावंताला हे सुचले आणि आम्हांस सुचले नाही, याची आम्हांस थोडी खंत वाटली.

हे ऐकून मुलाने आपला बेत बदलला. चित्रे केवळ वरच्या मजल्यांवर लावायची. तळ स्वच्छ करून पाण्यालाच सोडायचा. गेल्या रविवारी मिस्सेनंतर त्याने बाईंना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गाळ कोन काढते, ते आंधी सांग."

मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही.