पोंग्याच्या तळाशी

ब्राह्मणपुरीच्या शिवारात, केळीच्या बागेच्या बांधावर निवांत बसा. उत्तरेला सातपुडा आहे, पण नजर जवळच राहू द्या. समोरच्या झाडाचा पोंगा पाहा. फिकट पोपटी, घट्ट गुंडाळलेला. ऊब आणि पाणी मिळालं, तर आठवडा-दहा दिवसांत तो उलगडून पुरं पान होतो.

आता नजर हळूहळू खाली आणा. ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो, ते पानांच्या तळांचे एकात एक बसलेले पापुद्रे आहेत. खरा वाढता कोंब खाली, जमिनीलगत, कंदाच्या माथ्यावर आहे. पोंगा तिथून निघाला आणि सगळ्या पापुद्र्यांच्या मधून वाट काढत वर आला. त्या कोंबापाशी थांबा. तिथे पेशी दुभंगत आहेत, आणि दुभंगणाऱ्या प्रत्येक पेशीला प्रथिनं हवी आहेत. प्रथिनं घडवतात रायबोसोम. ते इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या रुंदीत तीस-चाळीस हजार शेजारी-शेजारी मावतील.

श्वास संथ होऊ द्या आणि एकाच पेशीत उतरा. मधोमध केंद्रक आहे, त्याच्या आत केंद्रकी. रायबोसोमची जुळणी इथे सुरू होते. त्याचा आरएनए केंद्रकातच तयार होतो. त्याच्याशी जोडायची ऐंशीच्या आसपास प्रथिनं मात्र बाहेर, पेशीद्रव्यात, आधीच्या रायबोसोमांनी घडवलेली असतात. ती आत येतात, आरएनएला बिलगतात, आणि मग सगळं मिळून पुन्हा बाहेर जायला निघतं. हे आत येणं आणि बाहेर जाणं मनात दोनदा फिरवून पाहा. काम बाहेरचं असताना पेशी जुळणी आतच का करते, हा प्रश्न मनात आला तर येऊ द्या. उत्तराची घाई नको.

रायबोसोमचे दोन भाग असतात, एक मोठा आणि एक लहान. दोघं वेगवेगळे निघतात. मोठ्या भागाच्या अंगावर ईआयएफ-६ नावाचं प्रथिन बसलेलं असतं, नेमकं तिथे, जिथे लहान भागानं येऊन जुळायचं असतं. ते तिथे आहे तोवर दोघांची जुळणी होतच नाही. मला या सगळ्या व्यवहारात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. वेळेआधी एकत्र येऊ नये, याचीही पेशीनं सोय केली आहे.

आता केंद्रकाच्या पटलाकडे या. त्यात छिद्रं आहेत. छिद्राची वाट चाळीस ते साठ नॅनोमीटर रुंद, आणि मोठा भागच पंचवीसच्या घरात. शिवाय ती वाट मोकळी नाही, प्रथिनांच्या लवचीक धाग्यांनी भरलेली आहे. इतकं अवजड ओझं त्यातून एकटं जात नाही. म्हणून एनएमडी-३ हे प्रथिन मोठ्या भागाला धरतं, एनएमडी-३ला एक्सपोर्टिन नावाचं प्रथिन धरतं, आणि ती पकड घट्ट राहते ती रॅन या छोट्या प्रथिनामुळे. रॅनजवळ जीटीपी हा रेणू आहे तोवरच पकड टिकते. धाग्यांना स्पर्श करत, सोडत, सगळे मिळून पार होतात. बाहेर येताच जीटीपीचं विघटन होतं आणि एक्सपोर्टिनची पकड सुटते. त्याची सोबत नेमकी छिद्रापुरती होती.

हे किती वेगानं चालतं? जोमानं वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम तयार होतात, आणि छिद्रं असतात दीडशे-दोनशे. म्हणजे एकेका छिद्रातून मिनिटाला वीस-पंचवीस भाग बाहेर पडतात. हा आकडा वाचून लगेच पुढे जाऊ नका.

बडोद्यात वाढलेल्या व्यंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते आणखी दोघांसोबत विभागून. त्यांनी उलगडलेला लहान भाग जिवाणूचा होता. जिवाणूला केंद्रक नाही, म्हणून हा प्रवासही नाही. केळीला, यीस्टला, तुम्हाला आणि मला तो आहे.

केंद्रकाबाहेर आलेले भाग अजून अपुरेच असतात. लहान भागाच्या आरएनएचं शेवटचं टोक बाहेर आल्यावरच कापलं जातं. मोठ्या भागावरचं ईआयएफ-६ही बाहेरच उतरवलं जातं. माणसात ते उतरवायला एसबीडीएस नावाचं प्रथिन लागतं. त्याच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना श्वाखमन-डायमंड हा आजार होतो, त्यात स्वादुपिंड आणि अस्थिमज्जा नीट काम करत नाहीत. एक प्रथिन वेळेवर हटलं नाही, तर एवढं अडतं. इथे क्षणभर थांबा.

एनएमडी-३ही मोठा भाग सोडतं आणि एक्सपोर्टिनसारखंच पुढच्या ओझ्यासाठी आत परततं. दोन्ही भाग आता एका संदेशवाहक आरएनएच्या धाग्यावर एकत्र येतात आणि पहिलं प्रथिन घडू लागतं. वाढत्या कोंबात ते कदाचित पुढच्या एखाद्या रायबोसोमचंच असेल, आणि तसं असेल तर ते त्याच छिद्रांतून आत जाईल.